मदत हवी आहे : मध घातलेला संत्र्याचा जॅम घट्ट होत नाही

नमस्कार. मृग बहाराची संत्री सध्या नागपुरात भरपूर असल्यामुळे मी साखरेऐवजी मध घालून दोनदा जॅम केला, परंतु दोन्ही वेळा तो पाकाइतकाच पातळ राहिला. (मधुमेहासाठी नव्हे, केवळ चवीसाठी, मध हीदेखील अखेर साखरच आहे.)

पहिल्या वेळी एक किलो गराला ४०० ग्रॅम मध सुरुवातीलाच घालून पाऊण तास आटवला, तेव्हा रंग काळपट झाला आणि मधाचा सुगंध पार उडाला. दुसऱ्या वेळी पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला नैसर्गिक घटक) मिळावे म्हणून बिया व सालीचा पांढरा भाग पुरचुंडीत बांधून गरासोबत उकळला आणि मध शेवटी घातला. सुगंध टिकला, मात्र कडवटपणा उतरला. मधात मुळातच १७ ते २० टक्के पाणी असते, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

पेक्टिनसाठी संत्र्यात कच्चट पेरूचा गर मिसळल्यास चव बिघडेल का? साखरेच्या जॅमप्रमाणे १०५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवणे मधाच्या बाबतीतही आवश्यक आहे का? शिवाय, इतक्या कमी गोडीचा जॅम फ्रीजमध्ये किती दिवस टिकतो, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.