दांडियाबाजारातील जुने घर: मागे खोली वाढवावी की सगळेच पाडावे?

दांडियाबाजारकर
नमस्कार. वडोदऱ्यात आमचे आजोबांच्या वेळचे घर आहे. रुंदी जेमतेम 14 फूट, लांबी 52 फूट आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. भिंती विटा-चुन्याच्या, वर सागवानी तुळया, माळा आणि मंगलोरी कौले. घरात आई, आम्ही दोघे, चार वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचा मुलगा असे राहतो. मागच्या एकमजली स्वयंपाकघरावर एक खोली आणि न्हाणीघर काढण्याचा विचार आहे. ज्या ठेकेदाराला घर दाखवले, त्याने माजघरही न ओलांडता ‘सगळे पाडा, स्लॅब टाका’ असे सांगितले. माजघराच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल असून तिथल्या सिमेंटच्या गिलाव्याचे पोपडे दर पावसाळ्यानंतर सुटतात. काय करावे?

चुनाविटा
पाडण्याचा निर्णय तुळयांची टोके पाहिल्याशिवाय घेऊ नये. तुळई मध्यभागी ठणठणीत दिसली, तरी भिंतीत गेलेले तिचे टोक ओलीने आणि वाळवीने आधी खराब होते. म्हणून तिथला गिलावा वीतभर काढावा आणि जाड दाभण टोचून पाहावे.

मागची खोली जुन्या भिंतींवर मात्र मुळीच टेकवू नये. पाच इंची स्लॅबचे नुसते वजनच दर चौरस मीटरला तीनशे किलोंहून अधिक भरते आणि 2016 च्या भारतीय मानकानुसार वडोदरा भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येते. 26 जानेवारी 2001 चा धक्का आपल्याकडेही सर्वांना आठवत असेल. नव्या खोलीला स्वतःचे चार लोखंडी खांब द्यावेत, तिच्यात आणि जुन्या भिंतीत फट ठेवावी, आणि खांबांच्या पायाचे खड्डे एकाच वेळी न खणता एकेक करून भरावेत, कारण सामाईक भिंतीचा पाया बहुधा उथळ असतो व शेजारचा भारही त्याच्यावरच असतो.

ओलीचे मूळ तुमच्या सिमेंटच्या गिलाव्यात नसले, तरी तो तिला कोंडून ठेवतो. जमिनीतून वर चढलेले पाणी चुन्याच्या भिंतीतून सहज सुकते. सिमेंटने ती वाट अडली की ते आणखी वर चढते आणि क्षार गिलाव्यामागे साचतात. गिलावा काढून भिंत एक उन्हाळा उघडी ठेवावी, मागच्या मोरीची गळती शोधावी आणि मग चुन्याचाच गिलावा करावा. चुन्यात हात बसलेला गवंडी शोधायला वेळ लागेल, हे आधीच सांगतो.

रावपुऱ्याचा शेजारी
वरील मताशी मी सहमत आहे, पण एक आक्षेप आहे. तुळया पोखरलेल्या निघाल्या, तर दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या जवळ जातो. आमच्याकडे तसेच झाले आणि अर्ध्यातच हिशेब बदलावा लागला. दुसरे असे की, काम सुरू करण्याआधी सेवासदनातून (महापालिकेतून) रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, घ्यावी आणि शेजाऱ्यांशी लेखी बोलणी करावीत. त्यांच्या खिडकीला 20 वर्षांहून अधिक काळ विनाअडथळा उजेड मिळत असेल, तर 1882 च्या ईझमेंट कायद्याने तो त्यांचा हक्क ठरू शकतो. आम्ही हे भांडण झाल्यावर शिकलो.

दोन मुलांची आई
घरात बाळ आहे, म्हणून लिहिते. जुन्या दारे-खिडक्यांवरचा तैलरंग कोरडा खरवडू नका. घरगुती रंगातील शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 पासूनच लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसे पुष्कळ असू शकते आणि त्याची धूळ रांगत्या मुलाच्या हाताला लागून थेट तोंडात जाते. काम होईपर्यंत मुलांना मावशीकडे वा आजोळी ठेवावे.

दांडियाबाजारकर
सर्वांचे आभार. काल माजघरातील तिसऱ्या तुळईच्या टोकाजवळचा गिलावा काढला. दाभण बोटभर आत गेले आणि बाहेर ओला भुसा आला. बाकीच्या चार तुळयांवर मात्र टोक घासले, इतकेच. म्हणजे तूर्त एकच तुळई बदलायची आहे. तिच्याखाली टेकू लावून ठेवला आहे. पुढच्या रविवारी शेजारच्या काकांना चहाला बोलावले आहे, त्यांच्या माडीची खिडकी आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर उघडते.