मदत हवी आहे: चोणक माशाच्या खाद्यात फेदर मील (पिसांची पूड), प्रथिनं 80 टक्के पण पचतात किती?

प्रश्न (खाजनकाठ):
गोव्यातल्या चोडणच्या खाजनात (बांध घातलेल्या खाडीकाठच्या जमिनीत) चोणक आहे. खाद्यात 100 किलोमागे 40 किलो फिशमील (माशांची पूड) होतं, ते 20 वर आणून उरलेल्या जागी 20 किलो फेदर मील घातलं. मासे खातात, पण तीन आठवड्यांत वजन जेमतेम वाढलंय. मानशीच्या (बांधातल्या पाणी सोडण्याच्या दरवाज्याच्या) आतल्या पाण्याची क्षारता लिटरमागे 18 ग्रॅम, पहाटे प्राणवायू लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या वर. दोष पचनाचा की आणखी कशाचा?

उत्तर (शेवटो):
पाणी ठीक आहे, खाद्यच पाहा. पोत्यावरचा आकडा म्हणजे नायट्रोजन गुणिले 6.25, मासा किती पचवतो ते त्यात नसतं. पिसांतलं केराटिन हे प्रथिन गंधकाच्या बंधांनी घट्ट विणलेलं असतं. वाफेच्या दाबाखाली ते तुटलं नाही तर जसंच्या तसं विष्ठेत जातं, जास्त भाजलं तर अमिनो आम्लं नासतात. चिमूटभर मील भिंगाखाली धरा: पिसांचे काचेसारखे दांडे शाबूत दिसले आणि बोटांत चुरडले नाहीत, तर माल कच्चा.

माल चांगला असला तरी त्यात लायसिन (वाढीला लागणारं एक अमिनो आम्ल) साधारण 2 टक्के, उत्तम फिशमीलमध्ये 4.5 ते 5. वाढ तिथेच अडते. 20 किलोची वाटणी अशी करा: पोल्ट्री मील (कोंबडीच्या उरलेल्या भागांची पूड) 12, फेदर मील 5, स्प्रे-ड्राइड (फवारून सुकवलेलं) रक्ताचं मील 3. रक्तात लायसिन भरपूर पण आयसोल्युसिन हे दुसरं अमिनो आम्ल फार कमी, पिसांत नेमकं उलटं, म्हणून जोडी जमते. वर 100 किलो खाद्यामागे मेथिओनिन (हेही अमिनो आम्ल) 200 ते 300 ग्रॅम. रक्ताचं मील काळंकुट्ट आणि करपट वासाचं असेल तर परत करा. पोल्ट्री मीलची राख 15 टक्क्यांच्या आत हवी. हाडं वाढली की प्रथिनांचं पचन घसरतं.

प्रश्न (खाजनकाठ):
पचन टाकीत मोजता येईल का?

उत्तर (तांबसो):
येईल. 70 भाग मूळ खाद्य, 30 भाग तपासायचं मील, मूळ खाद्य आणि हे मिश्रण, दोन्हींत 0.5 टक्के क्रोमिक ऑक्साइड. ते पचत नाही, म्हणून विष्ठेत ते किती दाटलं यावरून पचन कळतं. आठवडाभर खाऊ घाला, मगच विष्ठा घ्या. चोणकाची विष्ठा पाण्यात लगेच विरते. तळातून गोळा केली तर प्रथिनं धुऊन जातात आणि पचन खोटंच जास्त दिसतं. लवंग तेलाने गुंगी देऊन पोट गुदद्वाराकडे हलके दाबा. जोर लावलात तर लघवी आणि चिकट स्राव मिसळून आकडा खाली येतो.

उदाहरण, सगळं सुक्या वजनावर: मूळ खाद्यात प्रथिनं 45, पचन 90 टक्के. मीलमध्ये 60, म्हणजे मिश्रणात 49.5. विष्ठेत क्रोमिक 2.0, प्रथिनं 29.7. न पचलेला भाग (0.5÷2.0)×(29.7÷49.5), म्हणजे 15 टक्के, मिश्रणाचं पचन 85. पचलेली प्रथिनं 42.1, त्यांतली मूळ खाद्याची 28.35 (70 भागांतल्या 31.5 चे 90 टक्के) वजा करा. उरले 13.7, ते मीलच्या 30 भागांतल्या 18 पैकी, म्हणजे मीलचं पचन 76 टक्के. मिश्रणाचे 85 मीलच्या नावावर मांडणं ही नेहमीची चूक. आणि क्रोमिक खाल्लेले मासे बाजारात पाठवू नका.