पास बघायच्या आधी कपडे बघतात: तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन नागपूरहून विमानानं मुंबईला निघाले होते. बाबा ७६ वर्षांचे. नरखेडजवळ संत्र्याची बाग, सारं आयुष्य तिथंच गेलं. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय दुमडून दीड तास बसवत नाही, म्हणून मी दोघांचीही बिझनेस क्लासची तिकिटं काढली. किंमत मुद्दामच सांगितली नाही. पांढरा सदरा-पायजमा, टोपी, पायात साध्या चपला, आणि ऊन होतं म्हणून खांद्यावर दुपट्टा.

सोनेगावच्या विमानतळावर बोर्डिंग सुरू झालं तेव्हा मी बाटलीत पाणी भरायला गेले होते. बाबा बिझनेसवाल्यांच्या पुढच्या लाईनीत जाऊन उभे राहिले. त्यांच्या पुढे कोट घातलेले एक गृहस्थ, मागे लॅपटॉपची बॅग पाठीला लावलेला एक तरुण. पुढचं सगळं मी परत येताना लांबून पाहिलं. गेटवरच्या मुलीनं कोटवाल्यांना ‘वेलकम सर’ म्हटलं. मग बाबांकडे पाहिलं, टोपीपासून चपलांपर्यंत, आणि म्हणाली, "अंकल, ये लाइन आपकी नहीं है. उधर, पीछे." बाबांनी पास पुढे केला. तिनं तो घेतलाच नाही. हातानं बाजूला व्हायची खूण केली आणि मागच्या तरुणाचा पास घेऊन मशीनवर धरला. मशीन वाजलं, कारण तो तरुण खरंच मागच्या लाईनीतला होता. त्याला ती म्हणाली, "सर, आपको थोड़ा वेट करना पड़ेगा."

मी पोचेपर्यंत बाबा साठ-सत्तर माणसांच्या मागे जाऊन उभे होते. पासाची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलेली.

"बाबा, इथं काहून उभे?"

"त्या पोरीनं सांगतलं, मांगं जा म्हणून."

मी त्यांना पुढे नेलं. पास मशीनवर धरला, सीट ‘१ ए’ आली. ती मुलगी म्हणाली, "सॉरी मॅम." मला म्हणाली. बाबा माझ्या शेजारीच उभे होते.

विमानात सरबत आलं, बाबांनी घेतलं नाही. जेवण आलं, तेही नको म्हणाले. मुंबई यायला लागली तेव्हा एवढंच बोलले, "पुढच्या खेपेला मागचंच काढजो."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. हातात योग्य तिकीट असताना कपड्यांवरून, भाषेवरून, रंगावरून, वयावरून, सामानावरून कुणी तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला अडवलं असेल तर लिहा. कंपनीचं नाव लिहू नका. माझा राग एका कंपनीवर नाही, सवयीवर आहे. आणि काउंटरवर, गेटवर काम केलेलं कुणी असेल तर त्यांनी जरूर लिहा. तिकडची बाजू मला मनापासून ऐकायची आहे.

धंतोलीहून

मी भूलतज्ज्ञ आहे. रात्रभर ऑपरेशन थिएटरमध्ये होते, तशीच चुरगळलेल्या कुर्त्यात पहाटेच्या विमानाला गेले. दिल्लीत विमान बदलायचं होतं, मध्ये चार तास होते. लाउंजच्या दारातल्या माणसानं माझ्या हातातला बिझनेस क्लासचा पास बघायच्या आधीच सांगितलं, "मैडम, यहाँ फ्री में नहीं होता." माझ्यामागे माझे यजमान होते, इस्त्रीच्या शर्टात. त्यांना काहीच विचारलं नाही. त्यांचं तिकीट माझ्या पैशांनी काढलेलं होतं.

बेसा परिसरातून

माझं गाव गडचिरोली जिल्ह्यात, आम्ही गोंड. विमानतळाजवळच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत काम करतो. कामासाठी कंपनीनं परदेशी पाठवलं, लांबचा प्रवास म्हणून बिझनेस क्लासचं तिकीट दिलं. मोठं विमान होतं, दारातून आत शिरलं की बिझनेसवाले डावीकडे आणि बाकीचे उजवीकडे. दारात उभ्या असलेल्या बाईंनी माझा पास हातात घेतला नाही, नुसता चेहरा पाहून उजवीकडे हात केला, "सीधे पीछे." मी गेलो. खरंच गेलो. पहिलाच प्रवास होता, मला वाटलं आत दुसरी वाट असेल. तीस-चाळीस ओळी मागे गेल्यावर दुसऱ्या एका मुलीनं पास वाचला आणि मला उलटं पाठवलं. तोवर सगळे सामान चढवत होते. प्रत्येकाला ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत, धक्के खात पुढे यावं लागलं. जागेवर पोचलो तेव्हा त्याच बाईंनी पुन्हा विचारलं, "पास दिखाइए." शेजारच्या गोऱ्या गृहस्थांना विचारलं नाही.

त्यानंतर मी पाच-सहा वेळा तसाच प्रवास केला. अजूनही दारात पाय टाकायच्या आधी मी पास छातीशी उघडा धरतो, सीट नंबर बाहेरच्या बाजूला.

मनीषनगरहून

मी तीन वर्षं ग्राउंड स्टाफमध्ये होते. कोणती कंपनी ते सांगत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

पहाटे चारची शिफ्ट. घरून तीनला निघायचं, अंबाडा घट्ट, एक केस बाहेर नको, लिपस्टिक ठरलेल्या रंगाची. आमच्या दिसण्याची रोज तपासणी व्हायची. ज्या नोकरीत तुमचं मोल रोज सकाळी तुमच्या दिसण्यावर ठरतं, तिथं तुम्ही दुसऱ्याकडेही त्याच नजरेनं बघायला शिकता. हे मला नोकरी सोडल्यावर कळलं.

गेटवर आमच्याकडे बिझनेसवाल्यांची यादी असते. नाव आणि सीट नंबर. चेहरा नसतो. आणि वेळ नसतो. सुटायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी गेट बंद करायचं, उशीर झाला की तो कुणामुळे झाला याची नोंद होते आणि आमच्या नावावर येते. पुढच्या लाईनीत दर विमानाला आठ-दहा चुकीचे प्रवासी घुसतात. पास मशीनवर लावून परत पाठवलं की भांडण, ‘तुम्हाला माहीत आहे का मी कोण आहे’ वगैरे. म्हणून मशीनच्या आधीच अंदाज करायचा आणि माणूस बाजूला काढायचा. हे कुणी लिहून देत नाही. सीनियर करतात ते बघून नवीन मुली शिकतात.

आणि खरं सांगते, तो अंदाज चुकतो. भांडणारे, घुसणारे बहुतेक वेळा चांगल्या कपड्यांतलेच असायचे. टोपीवाले, लुगडंवाले आपण होऊन मागे जातात, म्हणून त्यांना मागे पाठवणं सोपं जातं. आम्ही सोप्या माणसाला बाजूला काढायचो.

एकदा मी एका आजींना असंच मागे पाठवलं. नऊवारी, हातात कापडी पिशवी, त्यात संत्र्याच्या बर्फीचे डबे. विमान भरल्यावर यादीतलं एक नाव शिल्लक राहिलं. आम्ही नाव पुकारत होतो आणि त्या समोरच खुर्चीवर बसून होत्या. "तूच म्हणालीस ना बाई, थांबा," एवढंच बोलल्या. माझी आई अगदी त्यांच्यासारखी दिसते, पिशवीसकट. त्या दिवशी मी घरी जाऊन आईशी बोलू शकले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एकच केलं. लाईनीतल्या पहिल्या माणसापासून प्रत्येकाचा पास हातात घ्यायचा, कोट असो की टोपी. दोन सेकंद लागतात. माझ्या गेटवरून विमान त्यामुळे एकदाही उशिरा सुटलं नाही.

इतवारीहून

आमचा धान्याचा व्यवसाय. घरी, दुकानात धोतर. विमानानं जायचं असलं की सफारी चढवतो आणि मुंबईला उतरून हॉटेलात धोतर नेसतो. मुलगा म्हणतो, बाबूजी, कशाला? एकदा त्याच्यादेखत मला विचारलं होतं, "किसके साथ हो?" मी माझ्यासोबतच होतो. तो प्रसंग पुन्हा नको.

रामदासपेठहून, वकील

भावना सगळ्यांनी लिहिल्या, मी हाताशी लागेल असं थोडं लिहितो. माझ्या मावशीला बिझनेसमधून उठवून मागे बसवलं होतं. ‘विमान बदललं, जागा कमी झाल्या’ हे कारण. खरंही असेल. पण कमी झालेल्या जागांत नेमकी मावशीच का, याचं उत्तर कुणी दिलं नाही. ती एकटी होती, पंच्याहत्तरीची होती, इंग्रजी येत नव्हतं.

अशा प्रसंगी हक्क आहे. विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएनं १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम लागू केला आहे. प्रवाशाच्या मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं तर देशातल्या प्रवासात करांसकट तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम परत द्यायची. परदेशच्या प्रवासात १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० पर्यंत ५० टक्के आणि त्याहून लांब असेल तर ७५ टक्के. नुसता फरक नव्हे. काउंटरवर पुष्कळदा ‘फरकाचे पैसे मिळतील’ एवढंच सांगतात, त्यावर सही करून मोकळे होऊ नका. जुना पास परत मागतील, तो देण्याआधी त्याचा फोटो काढा. नवा पासही जपून ठेवा. तक्रार आधी कंपनीकडे लेखी, मग केंद्र सरकारच्या एअरसेवा या तक्रार पोर्टलवर, आणि तिथंही दाद लागली नाही तर ग्राहक आयोगात. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

धागा काढणाऱ्या ताईंच्या वडिलांना मागे उभं केलं, पण शेवटी जागा मिळाली. यात टक्क्यांचा नियम लागत नाही. पण पास असून पास न बघणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला जागा आहे. पैशासाठी नाही तर नोंदीसाठी करा. तारीख, वेळ, गेट नंबर, काय शब्द वापरले ते, त्याच दिवशी लिहून ठेवा.

इंदोऱ्याहून

मी रेल्वेत ३४ वर्षं तिकीट तपासनीस होतो, आता निवृत्त. विदर्भ एक्सप्रेसच्या फर्स्ट एसीत बरीच वर्षं ड्युटी केली. सुरुवातीला मीही धोतरवाला दिसला की आधी त्याच्याकडेच जायचो. एका जुन्या साहेबांनी मला सांगितलं होतं: डब्यात शिरलास की आधी हात पुढे कर, मान नंतर वर कर. म्हणजे तिकीट आधी, चेहरा नंतर. मनीषनगरच्या ताईंनी जे दोन सेकंदांचं लिहिलं ते वाचून त्या साहेबांची आठवण झाली.

आणखी एक लिहावंसं वाटतं. आपल्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. १९०१ साली बाबासाहेब जेमतेम दहा वर्षांचे. भाऊ आणि भाच्यासोबत वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. अंगात नवे कपडे, डोक्याला भारी टोप्या, रेशीमकाठी धोतरं. घ्यायला कुणी आलं नव्हतं. कपडे बघून स्टेशनमास्तरला ती वरच्या जातीची मुलं वाटली, त्यानं आपुलकीनं चौकशी केली. मुलांच्या तोंडून ‘महार’ हा शब्द निघाला आणि त्याचा चेहराच बदलला. तिकिटं तीच, मुलं तीच, कपडेही तेच. पुढे बैलगाडी मिळेना आणि सारी रात्र पाण्याविना गेली.

आमच्या घरात हा प्रसंग लहान मुलांनाही माहीत असतो. म्हणून माझ्या नातवाला जेव्हा गेटवर ‘किस क्लास में हो’ असं विचारतात आणि पुढच्याला विचारत नाहीत, तेव्हा मला ते ‘छोटी गोष्ट आहे, सोडून द्या’ म्हणता येत नाही. कपड्यांकडे बघणारा माणूस कपड्यांत काय शोधत असतो, ते आम्हाला मसूरपासून ठाऊक आहे.

काटोल रोडहून

चांगलाही अनुभव लिहिते. माझी आई घरकाम करायची, चार घरची भांडी घासून आम्हाला शिकवलं. भावानं तिला वाढदिवसाला बिझनेसचं तिकीट काढून दिलं. एकटीच निघाली होती. दारातल्या मुलीनं पास दोन्ही हातांनी घेतला, वाचला आणि थोडी वाकून म्हणाली, "आजी, तुमची सीट ही पहिलीच, खिडकीची. या, पिशवी माझ्याकडे द्या." मराठीत. आई आजही शेजारणींना विमानातलं जेवण सांगत नाही, त्या मुलीचं ‘या’ सांगते.

धागा काढणारी, पुन्हा

सगळे अनुभव बाबांना फोनवर वाचून दाखवले. मसूरचा प्रसंग दोनदा वाचायला लावला. वकील साहेबांनी सांगितलं तसं तारीख, वेळ, गेट नंबर लिहून तक्रार पाठवली होती. काल उत्तर आलं. भाषा नम्र आहे, दिलगिरी आहे, पुढच्या प्रवासासाठी सवलतही देऊ केली आहे. पत्र माझ्या नावानं आहे, आणि त्यात बाबांचं नाव एकदाही नाही.

आज सकाळी परत लिहिलं. सवलत नको आहे. ‘१ ए’ वर कोण बसलं होतं ते तुमच्या यादीत आहे. त्यांच्या नावानं, मराठीत, दोन ओळींचं पत्र नरखेडच्या पत्त्यावर पाठवा. पत्ता पिनकोडसकट दिला आहे.