उटीची बस आणि बागेचं वरचं टोक
'एका दिवसाच्या बसमध्ये उटी नुसती धावती दिसते' हे खरंय, पण दोष फक्त बसचा नाही. आमच्या गाइडने बोटॅनिकल गार्डनला पाऊण तास दिला होता. बहुतेक मंडळी दगड झालेल्या झाडाच्या ओंडक्यापाशी (म्हणे 2 कोटी वर्षांचा) फोटो काढून भजी शोधायला पळाली. आम्ही दोघं तसेच धापा टाकत वर चढत गेलो. बागेच्या वरच्या अंगाला तोडा या निलगिरीतल्या आदिवासी लोकांचा मुंद, म्हणजे वस्ती आहे. अर्ध्या पिंपासारखी गोल छपराची झोपडी, आणि दार इतकं बुटकं की रांगतच आत शिरायचं! दोड्डबेट्टा या निलगिरीतल्या सर्वात उंच शिखरावर (2637 मीटर) मात्र नुसतं धुकं, दुपारी नेलं होतं ना.