गौरी देशपांडे: इंग्रजी कविता, मराठी कादंबरी, आणि मधली आठ वर्षं

डेक्कनचा_वाचक
कर्वेनगरातल्या वाचनकट्ट्यासाठी गौरी देशपांडे यांच्या लेखनप्रवासावर 45 मिनिटांचं बोलणं तयार करायचं आहे. ऐकणारे पंधरा-वीस. कादंबऱ्या बहुतेकांनी वाचलेल्या, इंग्रजी कविता मात्र कुणाच्याच हाताखालून गेलेली नाही. 'आधी इंग्रजीत कविता लिहिल्या, मग मराठीकडे वळल्या' एवढ्यावर भागेल का? कालक्रम पक्का कसा करायचा, आणि पुण्यात पुस्तकं शोधताना काय काय बघायचं?

जुनी_आवृत्ती
'मग मराठीकडे वळल्या' हे आधी खोडा. सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

तारखा एकाखाली एक लिहून बघा. इंग्रजी कवितासंग्रह तीन: 'बिटवीन बर्थ्स' 1968, 'लॉस्ट लव्ह' 1970, 'बियाँड द स्लॉटरहाऊस' 1972. भारतीय इंग्रजी कवितेचं एक संकलनही त्यांनी 1974 मध्ये संपादित केलं. मराठीतलं 'एकेक पान गळावया' 1980 चं. 1972 ते 80 या आठ वर्षांना खुशाल खंड म्हणून मोकळे होतात लोक, आणि नेमके त्याच काळात, 1976-77 मध्ये, रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी अरेबियन नाइट्सच्या मराठी अनुवादाचे 16 खंड आले आहेत! बर्टनची मूळ आवृत्ती 1885 ते 88 ची: 10 खंड आणि वर पुरवणीचे 6. एवढं मराठी गद्य ज्या हातून उतरलं, तो हात 1980 साली नवखा नव्हता. गोष्टीत गोष्ट गुंफणं, बाईनं सूत्रं हातात ठेवून सांगणं, शरीराबद्दल आडपडदा न ठेवता बोलणं, हा सगळा सराव तिथे झाला असं माझं मत.

दुसरं टोकही बघा. मराठी कादंबरीकार म्हणून नाव झाल्यावर 1995 मध्ये सुनीता देशपांडे यांच्या 'आहे मनोहर तरी'चा इंग्रजी अनुवाद आणि 1997 मध्ये 'द लॅकडेझिकल स्वीपर' हा इंग्रजी कथासंग्रह. अलीकडे पलीकडे मराठी चालूच: 'मुक्काम' 1992, 'विंचुर्णीचे धडे' 1996, 'गोफ' 1999, 'उत्खनन' 2002. म्हणजे इंग्रजी सुटलं कधीच नाही. कविता इंग्रजीत, कादंबरी मराठीत, कथा दोन्हीकडे, अनुवाद दोन्ही दिशांनी. फळ्यावर हे चार रकाने आखा, बोलणं आपोआप उभं राहील.

एक धोका. इरावती कर्व्यांची मुलगी, महर्षी कर्व्यांची नात, र. धों. कर्व्यांची पुतणी, हे पुण्यात आणि त्यातून कर्वेनगरात सांगायला घेतलंत की वीस मिनिटं गेलीच. श्रोत्यांतून कुणीतरी आठवणी सांगायला उठणार. दोन मिनिटांत उरका आणि पुढे व्हा.

इंग्रजी कवितेसाठी एकच घ्या: 'द फीमेल ऑफ द स्पीशीज'. प्रेम, नैराश्य, मुलांचा कृतघ्नपणा यांबद्दल बोलावंसं वाटतं तेव्हा पुरुष कामाचा नसतो; आई, बहीण किंवा शाळेपासूनची मैत्रीण लागते. मग दोघी बसतात. एक शिवतेय, दुसरी चहा घेतेय. बोलणं तांदळाच्या भावाचं, चीज मिळत नसल्याचं. आणि दोघींनाही ठाऊक असतं की खरं बोलणं झालं. ही वाचून झाली की लगेच एखाद्या कादंबरीतला दोन बायकांचा संवाद वाचा, पान-दीड पान. काय ते श्रोत्यांना कळेल, वर भाष्य करायची गरज नाही.

कार्डकॅटलॉग
शोधताना चार ठिकाणी हमखास अडतं.

पहिलं, जोडपुस्तकं. 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' (1985), 'निरगाठी आणि चंद्रिके ग सारिके ग' (1987), 'दुस्तर हा घाट आणि थांग' (1989) ही प्रत्येकी दोन लघुकादंबऱ्यांची एकेक पुस्तकं. नोंद पहिल्या नावावर असते. 'थांग' म्हणून शोधलंत तर 'नाही' असं उत्तर येईल आणि पुस्तक मात्र कपाटात असेल. उलट, यादी करताना सहा पुस्तकं मोजू नका. 'एकेक पान गळावया'तही तीन दीर्घकथा आहेत.

दुसरं, रोमन स्पेलिंग. संगणकावर 'जी-ए-यू' आणि 'जी-ओ-यू' दोन्ही घालून बघा.

तिसरं, अरेबियन नाइट्स. लेखक म्हणून बर्टन आणि अनुवादक म्हणून गौरीबाई, अशा दोन्ही नोंदी तपासा. सोळाही खंड एका जागी मिळतील याची खात्री धरू नका. मिळेल तो खंड घ्या, शैली बघायला एक पुरतो.

चौथं, 'बिटवीन बर्थ्स'. ते कलकत्त्याच्या रायटर्स वर्कशॉपचं. त्यांची पुस्तकं हातमागाच्या साडीच्या कापडात बांधलेली आणि अंगानं बारीक. ग्रंथालयात पुन्हा बांधणी झाली की कापड जातं, पाठीवर नाव मावत नाही, आणि पुस्तक जाडजूड शेजाऱ्यांत हरवतं. कपाटावरून नजर फिरवून सापडणार नाही, दाखल क्रमांक (ग्रंथालयानं पुस्तकाला दिलेला नंबर) घेऊनच जा.

मराठी पुस्तकांसाठी नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय किंवा पुणे नगर वाचन मंदिर. इंग्रजीसाठी विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय. सभासद नसाल तर बसून वाचायची सोय आणि वेळ आधी फोनवर विचारा.

साल लिहिताना पुस्तकाच्या नावाच्या पानामागची बाजू उघडून 'पहिली आवृत्ती' ही ओळ बघा. पुनर्मुद्रणाचं साल उचलल्यामुळे 1980 चं पुस्तक नव्वदीत गेलेलं अनेक लेखांत दिसतं. एखादी कथा आधी मासिकात किंवा दिवाळी अंकात आली असेल, तर तेही साल वेगळं लिहा, पुस्तकाच्या सालात मिसळू नका.

नवी_पेठ
जुनी_आवृत्ती यांचे रकाने पटले, अरेबियन नाइट्सचं वजन नाही. तारखा शेजारी आल्या म्हणून प्रभाव सिद्ध होत नाही. 'एकेक पान गळावया'तली 'कारावासातून पत्रे' घ्या: पत्राचा घाट, थेट एका माणसाला उद्देशून बोलणं. हे त्यांच्या कवितेतल्या 'तू'ला जास्त जवळचं आहे. अरेबियन नाइट्समधली शहरजादी हजार रात्री राजाला गोष्टी सांगते, स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही. गौरीबाईंची नायिका दुसरं काही करतच नाही.

आणि टीकाही सांगा हो. नायिका सुखवस्तू, परदेशात राहणाऱ्या, पैशाची विवंचना नाही, त्यांचं बंड त्यांना परवडतं, हा आक्षेप जुना आहे. कुणीतरी विचारणारच. उत्तर म्हणून 'विंचुर्णीचे धडे' तयार ठेवा. फलटणजवळच्या गावातलं राहणं, तिथली माणसं, जमीन, आणि स्वतःच्या शहरी कल्पनांची उडालेली फजिती त्यात आहे. आक्षेप त्यानं पुसला जात नाही, पण चर्चा 'परवडतं का' यावर अडकून पडत नाही.

वेळ उरला तर थोरल्या बहिणीचं, जाई निंबकरांचं नाव काढा. त्यांनी कादंबरीसाठीच इंग्रजी वापरलं ('टेंपररी आन्सर्स', 1974). एकाच घरातल्या दोघींनी भाषांची वाटणी उलट केली. प्रश्नोत्तरांत हे चांगलं चालतं.

डेक्कनचा_वाचक
रकाने पक्के. अरेबियन नाइट्स 'शक्यता' म्हणून सांगतो, नवी_पेठ यांच्या हरकतीसकट. एकच राहिलं: ती कविता झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटली तर चालेल ना?

कार्डकॅटलॉग
वाटू नका. गौरीबाई 1 मार्च 2003 रोजी गेल्या. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतात, म्हणजे 2063 अखेरपर्यंत. प्रकाशित पुस्तकातला माफक भाग जाहीर वाचून दाखवायला कायद्याचं कलम 52 मुभा देतं. पूर्ण कविता छापून वाटणं त्यात बसेलच असं नाही. कट्ट्याच्या ग्रुपवर पानाचा फोटो टाकू नका, तो तासाभरात दहा ग्रुपांवर जातो. मोठ्यानं निवडक ओळी वाचा, दोनदा वाचा, मध्ये अर्धा मिनिट थांबा. इंग्रजी कविता एकदा ऐकून पोचत नाही, आणि चीजपाशी लोक हसतात, पुढची ओळ त्यात बुडते.