बाळंतिणीच्या खोलीत शेगडी की हीटर?

मळ्यातली माई
नमस्कार. आम्ही निफाडजवळ मळ्यात राहतो. लेक पहिलटकरीण, डिसेंबरअखेर दिवस भरताहेत. इथली थंडी तुम्हाला ठाऊक आहे, पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. सासूबाई म्हणतात, बाजेखाली कोळशाची शेगडी हवीच. जावई दोन हजार वॅटचा हीटर घेऊन आलेत. खोली लहान, खिडकी एकच. मला दोन्हीची धास्ती वाटते. जाणकारांनी सांगावं.

वायरमन नाशिककर
ताई, घरांची वायरिंग हाच माझा धंदा, म्हणून हीटरचं सांगतो. दोन हजार वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर. मोबाइल चार्जरचं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं. हीटरची जाड पिन त्यात बसत नाही, मग लोक कन्व्हर्टर नाहीतर एक्स्टेंशन बोर्ड लावतात. थंडीत मला बोलावणं येतं तिथं हीटर बहुतेक वेळा धडधाकट असतो, जळालेलं असतं सॉकेट. आतली पत्ती सैल पडलेली, प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी, आणि खोलीत मासळीसारखा उग्र वास. असा वास आला की मेन स्विच पाडा, मग शोध घ्या.

एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो जादा करंट ओळखतो. सैल जोडावर करंट नेहमीएवढाच असतो, जोड मात्र तापत जातो आणि एमसीबीला पत्ता लागत नाही. म्हणून भिंतीतलं १६ अँपिअरचं सॉकेटच वापरा. अर्ध्या तासानं बटण बंद करून प्लगला हात लावा. चटका बसला तर ते सॉकेट बदलून घ्या.

हीटर बाजेपासून तीन फूट तरी लांब हवा, गोधडी आणि मच्छरदाणीपासूनही. नायलॉनची मच्छरदाणी क्षणात पेट घेते. थंडीत लंगोट-दुपटी वाळत नाहीत, घरोघरी हीटरवर टाकलेली बघतो. कृपा करून ते नको. आणि सगळे झोपले की हीटर बंद.

निवृत्त परिचारिका
शेगडी खोलीत नकोच. बाजेवरून लोंबणारी गोधडी पेटण्याची भीती आहेच, पण बंद खोलीतल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास. धूर विरला, कोळसा लालबुंद झाला, तरी तो निघतच असतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, आणि झोपेत असेल तर माणूस उठतच नाही. बाळाला धुरी देऊ नका, नाजूक फुप्फुसांना धूर सोसत नाही. बाळाला टोपरं-मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून दोघांवर शाल. आईच्या कंबरेला गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्या.

मळ्यातली माई
दोघांचे आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. शेगडी पडवीत ठेवायला तयार झाल्या, पाणी तापवायला आणि आम्हाला शेकायला. राख रात्रीच गोठ्यामागे टाकली तर चालेल?

वायरमन नाशिककर
नको ताई, तिथं कडबा असेल. वरून पांढरी झालेली राख पोटात रात्रभर निखारा धरून ठेवते. लोखंडी घमेल्यात काढा, पाणी मारा, सकाळी टाका. प्लास्टिकच्या बादलीत तर मुळीच नको. हीटर लावण्याआधी सॉकेटमागची वायर किती जाडीची आहे तेही गावातल्या वायरमनकडून पाहून घ्या. दिव्याची बारीक वायर ओढून वर १६ चं सॉकेट बसवलेलं मी बऱ्याच घरांत पाहिलंय.