सरकारी शाळेबद्दल समाधानी आहोत, असे कधी म्हणावे?

प्रश्न (तिसरीतील मुलीची आई, सोलापूर):
शाळेत बाई मनापासून शिकवतात. परवा मुलीने किराणा यादीतली माझी बेरीज चुकल्याचे दाखवले, तेव्हा ऊर भरून आला. मात्र पावसाळ्यापासून मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलेली आहे, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही. हे सांगायचे कोणाला?

प्रतिसाद (निवृत्त शिक्षिका):
शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीकडे लेखी अर्ज द्यावा आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाली का, हे स्वतः वाचून पाहावे. तोंडी तक्रार विरून जाते, हा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद (एक वडील):
आपल्या शहरात मराठीबरोबरच उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्याही शाळा आहेत, याचे मला फार मोल वाटते. परंतु आमच्याकडे पालकसभा नेमकी विड्या कारखान्यात नेऊन देण्याच्या वेळेला असते, त्यामुळे पत्नीला कधीच जाता येत नाही. मग तिचे मत समाधानाच्या हिशेबात धरले जाणार तरी कसे?

प्रश्नकर्ती:
अर्ज उद्याच देते. सभेची वेळ बदलण्याची मागणीही त्यातच लिहिते.